विश्लेषण : करार संपण्याआधीच महानायकाची अदलाबदल करावी का? मिलवॉकी बक्ससमोरचा पेच काय?

अमेरिकेतील एनबीए या जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगमध्ये सध्या एका प्रश्नाने सगळ्यांना घेरले आहे. मिलवॉकी बक्स संघाचा आधारस्तंभ यानिस अँटेटोकुन्पो याचा करार संपायला अजून अवकाश आहे. तरीही त्याला आताच दुसऱ्या संघाकडे सोपवून मोबदला पदरात पाडून घ्यावा की तो राहील या आशेवर थांबावे, याची चर्चा रंगली आहे. ५ फेब्रुवारी २०२६ ही या हंगामातील खेळाडूंच्या अदलाबदलीची अखेरची मुदत. ती जवळ येत असताना एका खेळाडूचाच नव्हे, तर एका लहान शहराच्या संघाचा पुढच्या दशकाचा हिशेब पणाला लागला आहे.

प्रकरण नेमके काय?

यानिस हा ग्रीसमध्ये नायजेरियन स्थलांतरित आईवडिलांच्या पोटी जन्मलेला खेळाडू. २०१३ च्या ‘ड्राफ्ट’मध्ये म्हणजे नवोदितांच्या निवड प्रक्रियेत मिलवॉकीने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याचे नाव उच्चारणेही अनेकांना जमत नव्हते. पुढे २०१९ आणि २०२० असा सलग दोनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ मध्ये अंतिम फेरीत फिनिक्स सन्सविरुद्ध सहाव्या सामन्यात ५० गुण करून त्याने मिलवॉकीला तब्बल ५० वर्षांनी विजेतेपद मिळवून दिले. २०१९ ते २०२५ अशी सलग सात वर्षे लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली आहे. मागच्या हंगामात त्याची सरासरी प्रत्येक सामन्यात ३० हून अधिक गुण आणि जवळपास १२ रिबाउंड अशी होती.

मात्र विजेतेपदानंतर संघाची घसरण सुरू झाली. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे बक्सचा प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत पराभव झाला. यंदाही संघाच्या खात्यात विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला यानिसच्या पोटरीला दुखापत झाल्याने त्याला काही सामने बाहेर बसावे लागले आणि त्याच्याशिवाय हा संघ किती दुबळा आहे हे उघड झाले. न्यू यॉर्क निक्सबरोबर गेल्या उन्हाळ्यात बोलणी होऊन ती फिसकटल्याच्या बातम्या अमेरिकी माध्यमांनी दिल्या आहेत. आपल्याला विजेतेपदासाठी लढायचे आहे, हे यानिसने वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. ते मिलवॉकीत शक्य आहे का, हाच खरा प्रश्न आहे.

कराराचे घड्याळ कसे चालते आहे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये यानिसने तीन वर्षांची, १८ कोटी ६० लाख डॉलरची करारवाढ स्वीकारली. यंदा त्याचे वेतन ५ कोटी ४१ लाख डॉलरच्या घरात आहे, तर २०२६-२७ मध्ये ते ५ कोटी ८४ लाखांपर्यंत जाईल. २०२७-२८ या शेवटच्या वर्षाचा निर्णय मात्र खेळाडूच्या हाती आहे. त्याने ते वर्ष नाकारले, तर २०२७ च्या उन्हाळ्यात तो पूर्णपणे मोकळा होईल आणि कोणत्याही संघाशी करार करू शकेल.

त्याआधी ऑक्टोबर २०२६ मध्ये बक्स त्याच्यापुढे नव्या करारवाढीचा प्रस्ताव ठेवू शकतात. त्याने होकार दिला तर वाद मिटला. नकार दिला, तर संघाकडे जेमतेम एका हंगामाचा अवधी उरेल आणि लीगमधील प्रत्येक संघाला ते ठाऊक असेल.

इथेच बाजारभावाचा नियम लागू होतो. या फेब्रुवारीत यानिसला घेणाऱ्या संघाला त्याच्यासह दोन प्लेऑफ खेळण्याची हमी मिळते. २०२६ च्या उन्हाळ्यात घेणाऱ्याला एकाच हंगामाची, तर फेब्रुवारी २०२७ मध्ये घेणाऱ्याला अवघ्या काही महिन्यांची. खेळाडू तोच, पण दर टप्प्यावर त्याची किंमत उतरते. जुलै २०२७ मध्ये ती बक्ससाठी शून्य होऊ शकते.

‘फ्री एजन्सी’ आली कुठून?

करार संपल्यावर खेळाडूने मनाजोगता संघ निवडणे, याला ‘फ्री एजन्सी’ म्हणतात. आज हा हक्क स्वाभाविक वाटत असला तरी तो न्यायालयीन लढ्यातून मिळाला आहे. त्या लढ्याचा नायक मिलवॉकीच्याच इतिहासातला आहे. ऑस्कर रॉबर्टसन या महान खेळाडूने खेळाडू संघटनेचा अध्यक्ष या नात्याने १९७० मध्ये लीगविरुद्ध दावा दाखल केला. करार संपला तरी खेळाडू मूळ संघालाच बांधलेला राहतो, या पद्धतीला त्याचा आक्षेप होता. त्याच वर्षी तो मिलवॉकीकडून खेळू लागला आणि १९७१ च्या पहिल्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. १९७६ मध्ये दाव्यात तडजोड झाली आणि खेळाडूंना दार किलकिले झाले. १९८८ पासून कोणत्याही अटीशिवाय संघ बदलण्याची मुभा मिळाली.

त्यानंतर लीगने मूळ संघांना थोडे झुकते माप दिले. स्वतःच्या खेळाडूला मूळ संघ पाच वर्षांचा आणि दरवर्षी आठ टक्के वाढीचा करार देऊ शकतो. बाहेरच्या संघाला चार वर्षे आणि पाच टक्के वाढ यांचीच मर्यादा आहे. अधिक पैसे दिसले की महानायक घरीच राहील, असा त्यामागचा हिशेब होता. परंतु ज्यांच्या खात्यात आधीच कोट्यवधी डॉलर जमा आहेत, त्यांच्यासाठी पैशापेक्षा विजेतेपदाची संधी मोठी ठरू लागली आणि हा हिशेब अनेकदा चुकला.

आयपीएलमधील ‘ट्रेड’पेक्षा हे वेगळे कसे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे आणि त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानकडे गेले, तेव्हा भारतीय चाहत्यांनाही अशा अदलाबदलीचा अनुभव आला. पण दोन्हींत मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय संघ बदलता येत नाही आणि ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होऊन बहुतेक पाने नव्याने वाटली जातात. एनबीएमध्ये लिलाव नाही. करारात खास कलम नसेल तर संघ खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवू शकतो.

कागदावर हे असे असले तरी मोठ्या खेळाडूच्या हाती एक हुकमी पत्ता असतो. ‘तुमच्याकडे आलो तरी पुढचा करार करणार नाही,’ एवढा निरोप त्याने पोहोचवला की घेणारा संघ मोबदल्याची बोली निम्म्यावर आणतो. त्यामुळे बक्सला यानिसची अदलाबदल करायची असेल, तर त्याला मान्य असलेल्या मोजक्या संघांशीच गंभीर बोलणी होऊ शकतात.

थांबून राहिल्याने हाती काहीच न आल्याची उदाहरणे कोणती?

सर्वांत बोलके उदाहरण केव्हिन ड्युरंटचे. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर संघ अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परतला. ड्युरंट राहील या विश्वासाने संघाने करार संपेपर्यंत वाट पाहिली. त्या जुलैत तो थेट गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे, म्हणजे ज्यांनी थंडरला हरवले त्यांच्याकडेच गेला. ओक्लाहोमाच्या हाती काहीही आले नाही. वॉरियर्सनी पुढची दोन्ही विजेतेपदे पटकावली.

त्याआधी २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडून मायामी गाठले. क्लीव्हलँडला बदल्यात काही ड्राफ्ट निवडी मिळाल्या, पण संघ कोसळला तो कोसळलाच. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकणारा संघ पुढच्या हंगामात १९ वर आला आणि त्यात सलग २६ पराभवांची नामुष्कीही होती. लेब्रॉन २०१४ मध्ये स्वतःहून परतला आणि २०१६ मध्ये क्लीव्हलँड विजेते ठरले, हे खरे. पण गेलेला महानायक परत येईल यावर कोणत्याही संघाला नियोजन करता येत नाही.

वेळेत अदलाबदल करून कोणाचे भले झाले?

याचे उत्तर २०२५ च्या अंतिम फेरीतच सापडते. इंडियाना पेसर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर हे दोन्ही लहान शहरांचे संघ तिथे भिडले. या दोन्ही संघांच्या पायाभरणीत पॉल जॉर्ज या एकाच खेळाडूच्या दोन अदलाबदलींचा वाटा आहे.

२०१७ मध्ये जॉर्जने करार संपल्यावर आपण राहणार नसल्याचे इंडियानाला कळवले. संघाने वर्षभर आधीच त्याला ओक्लाहोमाकडे पाठवून व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमँटस सॅबोनिस यांना घेतले. तेव्हा ‘फारच स्वस्तात दिले’ अशी टीका झाली. पण ओलाडिपोने पहिल्याच हंगामात चमक दाखवली आणि सॅबोनिसच्या बदल्यात २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टन मिळाला. याच हॅलिबर्टनने संघाला २०२५ मध्ये अंतिम फेरीत नेले.

ड्युरंटच्या वेळी हात पोळलेल्या ओक्लाहोमाने २०१९ मध्ये तीच चूक टाळली. जॉर्जने लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जाण्याची इच्छा व्यक्त करताच संघाने त्याच्या बदल्यात शाई गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या पाच ड्राफ्ट निवडी मागून घेतल्या. त्यांपैकी एका निवडीतून जालेन विल्यम्स मिळाला. २०२५ चे विजेतेपद ओक्लाहोमाने जिंकले, तेव्हा गिल्जस-अलेक्झांडर हंगामाचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला.

यातला धडा असा, की मोबदल्यात मोठी नावे मागण्यापेक्षा वाढीच्या वयातला खेळाडू मागणे अधिक फलदायी ठरते. दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. या अदलाबदलीची फळे पिकायला सहा ते आठ वर्षे लागली.

घाईही महागात पडू शकते का?

निश्चितच. २ फेब्रुवारी २०२५ रोजी डॅलस मॅव्हरिक्सनी लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले तेव्हा सारे बास्केटबॉल जग अवाक् झाले. डॉन्चिच तेव्हा २५ वर्षांचा होता. आठ महिन्यांपूर्वीच त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते आणि त्याने संघ सोडण्याची मागणीही केली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरचा करार द्यावा लागला असता. त्याची तंदुरुस्ती पाहता तेवढी रक्कम गुंतवण्यास व्यवस्थापन राजी नव्हते.

मोबदल्यात तिशी ओलांडलेला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीची एकच निवड मिळाली. इतर संघांकडून बोली मागवण्याची तसदीही घेतली गेली नाही. चाहते रस्त्यावर उतरले, सामन्यांत सरव्यवस्थापकाला काढून टाकण्याच्या घोषणा घुमू लागल्या आणि डेव्हिस वारंवार जायबंदी झाला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांची हकालपट्टी झाली. केवळ १.८ टक्के शक्यता असताना लॉटरीत पहिला क्रमांक लागून कूपर फ्लॅग हा गुणी खेळाडू मिळाला, म्हणून डॅलसची थोडीफार लाज राखली गेली. पण नशिबाची ती साथ अदलाबदलीच्या निर्णयाला योग्य ठरवत नाही.

मग ठेवून घेणे केव्हा शहाणपणाचे ठरते?

यासाठी मिलवॉकीला दूर पाहण्याची गरज नाही. २०२० मध्ये यानिसचा करार संपायला एकच वर्ष उरले होते आणि आजच्यासारखीच चर्चा तेव्हाही झाली होती. बक्सनी त्याला विकण्याऐवजी जवळच्या साऱ्या ड्राफ्ट निवडी पणाला लावून जरू हॉलिडे या खेळाडूला आणले. डिसेंबरमध्ये यानिसने पाच वर्षांच्या २२ कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर सही केली आणि सात महिन्यांनी संघ विजेता झाला. तेव्हा घाबरून अदलाबदल केली असती, तर ते विजेतेपद आलेच नसते.

टोरंटो रॅप्टर्सचे उदाहरण याहून टोकाचे आहे. २०१८ मध्ये त्यांनी करार संपायला एक वर्ष उरलेल्या कवाय लेनर्डला घेतले. तो वर्षभराने निघून गेला आणि बदल्यात काहीच मिळाले नाही. पण जाण्याआधी त्याने २०१९ चे विजेतेपद मिळवून दिले. ‘काहीच मिळाले नाही’ असे टोरंटोतला एकही चाहता म्हणत नाही.

तेव्हा खेळाडू जाईल की राहील यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न असा : तो असेपर्यंत विजेतेपद जिंकण्याची शक्यता आहे का? २०२० मध्ये बक्सकडे याचे उत्तर ‘हो’ असे होते. आज तसे म्हणणे कठीण आहे.

मिलवॉकीची अडचण इतरांहून वेगळी का?

एनबीएमध्ये महानायक विकणारा संघ साधारणपणे एकच मार्ग धरतो. तरुण खेळाडू घ्यायचे, दोन-तीन वर्षे मुद्दाम दुबळा संघ खेळवायचा आणि तळाला राहून ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाची निवड मिळवायची. मिलवॉकीसाठी हा मार्ग जवळपास बंद आहे, कारण हरण्याचा फायदा त्यांना नव्हे तर दुसऱ्यांना होणार आहे.

२०२० मध्ये हॉलिडेसाठी आणि २०२३ मध्ये डेमियन लिलार्डसाठी बक्सनी भविष्य गहाण टाकले. २०२६ मध्ये बक्स आणि न्यू ऑर्लिन्स यांच्यापैकी ज्यांची निवड वरच्या क्रमांकाची, ती अटलांटाला जाणार आहे. २०२७ ची निवड काही अटींसह आधीच देऊन झाली आहे. २०२९ ची निवड पोर्टलँडकडे आहे, तर २०२८ आणि २०३० मध्ये निवडीचा क्रमांक बदलून घेण्याचा हक्क पोर्टलँडला आहे. थोडक्यात, २०३० पर्यंत स्वतःच्या पहिल्या फेरीच्या निवडीवर बक्सचा पूर्ण ताबा नाही. पिकाची कापणी आधीच दुसऱ्याच्या नावावर लिहून दिलेली असताना शेत पडीक ठेवण्यात काही अर्थ नसतो.

भरीस भर म्हणजे लिलार्डचे प्रकरण. एप्रिल २०२५ मध्ये प्लेऑफदरम्यान त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. जुलैत बक्सनी त्याला करारमुक्त केले. त्याची उरलेली सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलरची रक्कम पाच वर्षांत विभागली गेली. त्यातून मोकळ्या झालेल्या जागेत इंडियानाकडून माइल्स टर्नरला आणले. यानिसला थांबवण्यासाठीच हे धाडस होते. मात्र त्याची किंमत म्हणून न खेळणाऱ्या खेळाडूपोटी दरवर्षी सव्वादोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम बक्सच्या वेतनमर्यादेतून वजा होत राहणार आहे. लिलार्ड मात्र नवा करार करून पोर्टलँडला, म्हणजे आपल्या जुन्या घरी परतला. त्याच्यासाठी झालेल्या व्यवहारात गेलेला जरू हॉलिडे पुढे बोस्टनला पोहोचला आणि २०२४ चे विजेतेपद त्यांच्याकडून जिंकला.

घेणाऱ्या संघांची अडचण काय?

यानिससारखा खेळाडू कोणाला नको असेल? पण हवा असणे आणि घेता येणे यांत अंतर आहे. २०२३ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या करारानंतर खर्चिक संघांवर कडक बंधने आली आहेत. यंदा वेतनमर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर असून तिच्या वर ‘ॲप्रन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिली रेषा १९ कोटी ५९ लाखांवर, तर दुसरी २० कोटी ७८ लाखांवर आहे. पहिली ओलांडलेल्या संघाला जेवढे वेतन देतो त्याहून एक डॉलरही अधिक घेता येत नाही. दुसरी ओलांडली तर दोन-तीन खेळाडूंची वेतने एकत्र करून एक मोठा खेळाडू घेण्याची सोयही जाते.

त्यामुळे ५ कोटी ४१ लाखांच्या यानिससाठी घेणाऱ्या संघाला आपले दोन-तीन प्रमुख खेळाडू द्यावेच लागतात. तसे केले तर यानिसच्या जोडीला उरणार कोण, हा प्रश्न पडतो. मिलवॉकीत तो ज्या कारणाने अस्वस्थ आहे, तेच कारण नव्या संघात तयार व्हायचे! शिवाय डिसेंबरमध्ये त्याने एकतिशी पूर्ण केली आहे. वेग आणि ताकद यांवर आधारलेला त्याचा खेळ पस्तिशीत कसा राहील, याचाही विचार प्रत्येक संघ करतोच.

हंगाम सुरू असताना संघांची बांधणी पक्की झालेली असते. उन्हाळ्यात मात्र ड्राफ्टचे क्रमांक ठरलेले असतात, अनेक करार संपतात आणि बोली लावू शकणाऱ्या संघांची संख्या वाढते. फेब्रुवारीत अदलाबदल करावी असे म्हणणाऱ्यांच्या विरोधातील हा सर्वांत ठोस मुद्दा आहे.

इतिहास मिलवॉकीला काय सांगतो?

हे शहर या वाटेवरून एकदा गेले आहे. १९६९ मध्ये मिळालेल्या करीम अब्दुल-जब्बारने १९७१ मध्ये पहिले विजेतेपद दिले. सहा हंगामांत तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण मोठ्या शहरात जाण्याची इच्छा त्याने संघाला कळवली आणि जून १९७५ मध्ये त्याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवण्यात आले. बदल्यात एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मेयर्स आणि ज्युनियर ब्रिजमन हे चौघे आले.

हा व्यवहार फसला असे म्हणता येत नाही. विंटर्स आणि ब्रिजमन यांच्या जर्सीचे क्रमांक पुढे संघाने सन्मानाने निवृत्त केले. १९८० ते १९८६ अशी सलग सात वर्षे बक्सनी आपल्या गटात अव्वल स्थान राखले. परंतु करीमने लेकर्सबरोबर पाच विजेतेपदे जिंकली आणि १९७४ नंतर अंतिम फेरी गाठायला मिलवॉकीला २०२१ साल उजाडावे लागले. चांगल्या मोबदल्याने चांगला संघ उभा राहतो, पण महानायकाची जागा मोबदल्याने भरत नाही, हेच यातून दिसते.

शहरासाठी हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा का?

मिलवॉकी हे जेमतेम साडेपाच-पावणेसहा लाख वस्तीचे शहर. समुद्रकिनारा नाही, चित्रपटसृष्टी नाही आणि हिवाळा कडक. मोकळे झालेले महानायक स्वतःहून इथे येत नाहीत. इथे ते ड्राफ्टमधून मिळतात किंवा अदलाबदलीतून. म्हणून हातचा गेला तर पुढचा केव्हा, या प्रश्नाला उत्तर नसते.

शिवाय यात करदात्यांचाही पैसा आहे. नवे स्टेडियम झाले नाही तर संघच शहराबाहेर जाईल, अशी टांगती तलवार असताना २०१५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने २५ कोटी डॉलरच्या सार्वजनिक निधीला मंजुरी दिली. २०१८ मध्ये फायसर्व्ह फोरम उभे राहिले आणि भोवतालचा परिसर हॉटेले-दुकानांनी गजबजला. २०२१ च्या अंतिम लढतीवेळी स्टेडियमबाहेर हजारो लोकांनी केलेला जल्लोष जगाने पाहिला. यानिस नसलेला आणि तळाशी घुटमळणारा संघ ही गर्दी किती काळ टिकवेल, याची चिंता मालकांइतकीच तिथल्या छोट्या व्यावसायिकांनाही आहे.

मग बक्सनी काय करायला हवे?

सर्व बाजू तपासल्या तर तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत नुसते थांबणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. टोरंटोप्रमाणे विजेतेपद समोर दिसत असते, तर तो जुगार खेळण्याजोगा होता. पहिल्या फेरीत गारद होणाऱ्या संघासाठी तो नाही.

दुसरी गोष्ट, याच फेब्रुवारीत काहीही करून निर्णय घ्यावा असेही नाही. घाईत एकाच संघाशी गुपचूप बोलणी करून मिळेल ते घेतले, तर डॅलसची पुनरावृत्ती होईल. कोणी असामान्य बोली लावली तर ती स्वीकारावी, अन्यथा खरी मुदत २०२६ चा उन्हाळा हीच आहे. ऑक्टोबरमध्ये करारवाढीवर सही करणार का, याचे स्पष्ट उत्तर त्याआधीच, ड्राफ्टपूर्वी यानिसकडून मागायला हवे. उत्तर ‘हो’ असेल तर प्रश्न संपतो. ते ‘नाही’ किंवा ‘पाहू’ असेल, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असाच धरून अदलाबदल करावी. ड्युरंटच्या बाबतीत ओक्लाहोमाने ‘पाहू’चा अर्थ ‘हो’ असा घेतला होता.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मोबदल्यात काय मागायचे. बक्सनी आधी स्वतःच्या ड्राफ्ट निवडी परत मिळवण्याचा मार्ग शोधला पाहिजे. यासाठी ब्रुकलिन नेट्सचा ताजा दाखला आहे. जून २०२४ मध्ये मिकल ब्रिजेसला न्यू यॉर्क निक्सकडे देताना त्यांनी त्याच सुमारास ह्युस्टनशी व्यवहार केला. त्यांनी फिनिक्सच्या निवडी ह्युस्टनला देऊन २०२५ आणि २०२६ च्या आपल्याच निवडींवरचा हक्क परत मिळवला. मगच संघ नव्याने उभारायला घेतला. पोर्टलँडला सामावून घेणारी तीन-चार संघांची अदलाबदल मिलवॉकीला तेच देऊ शकते. ते शक्य नसेल, तर कच्च्या निवडींच्या ढिगाऱ्यापेक्षा पंचविशीच्या आतला, आजच मैदान गाजवणारा एक तरी खेळाडू मागावा. पुढची काही वर्षे हरून ज्यांना काही मिळणार नाही, त्यांना जिंकत राहणे भाग आहे.

यानिसने या शहराला जे दिले, त्याची परतफेड कोणत्याही व्यवहारातून होणार नाही. तेरा हंगाम एकाच संघासोबत काढलेला खेळाडू विजेतेपदाच्या ओढीने निघाला, तर त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही आणि संघाने भविष्याकडे पाहून त्याला निरोप दिला, तर तो विश्वासघातही ठरणार नाही. दोघांनी एकमेकांशी वेळेत आणि खरे बोलणे मात्र आवश्यक आहे. करीमने आपली इच्छा वेळेत सांगितली म्हणून मिलवॉकीच्या हाती पुढच्या दशकाचा संघ तरी आला. यंदा ती वेळ ऑक्टोबरपर्यंतचीच आहे.